इतिहासाच्या शिक्षणांत चित्रकलेचें स्थान

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हायस्कुलांत भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें शिक्षणाविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां विषय शोधण्याचे श्रम मला पडले नाहींत. गेल्या कांहीं आठवड्यांत आपणांपैकीं पुष्कळांनीं एकच प्रश्न माझ्यापुढें मांडला आहे. आठवी-नववीच्या वर्गांना चित्रकला शिकविण्यांत आठवड्याचे दोन तास जातात. ते गणितास व शास्त्रास कां देऊं नयेत? हा प्रश्न मुलांच्या काळजीनें विचारलेला आहे, आणि काळजीनें विचारलेल्या प्रश्नास विचारपूर्वक उत्तर देणें हें माझें कर्तव्य आहे. परंतु मी आज एकट्या चित्रकलेची वकिली करण्यास उभा नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, चित्रकला आणि इतिहास हे दोन विषय आमच्या शाळेंत जोडीनें शिकविले जावे. एकानें दुसऱ्याची परीक्षा घ्यावी, आणि दोहोंनीं मिळून मुलास डोळे उघडून पाहावयास लावावें.

प्रथम इतिहासाकडे पाहूं. आपल्या वसईच्या कोणत्याही मुलास विचारा. तो तत्काळ सांगेल कीं, इ. स. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती त्यांजपासून जिंकून घेतली. उत्तर बरोबर आहे व त्यास गुणही मिळतील. आतां त्याच मुलास पुढचा प्रश्न करा : मराठ्यांच्या फौजेनें आपला सारा जोर उत्तरेकडच्या तटावर कां लावला? मूल गप्प राहतें, कारण तें वाक्य त्याच्या पुस्तकांत नव्हतें. त्यालाच एक कोरा कागद, पेन्सिल व मोजणीची दोरी देऊन किल्ल्यांत न्या आणि तटाचा आराखडा काढावयास सांगा. दुपार होईतों त्याच्या कागदावर तीन अंगांस समुद्र, खाडी व दलदल उमटते, आणि पायउतार होऊन चालत येण्याजोगी भूमि काय ती उत्तरेस उरते. मग सुरुंग कोणत्या बाजूस लागले असतील हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं; तोच आपणांस सांगूं लागतो. पुस्तकांतलें वाक्य त्यानें ऐकलेलें होतें, हें मात्र त्यानें स्वतः पाहिलें. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांच्या मोलांत केवढें अंतर असतें हें न्यायालयांत साक्ष दिलेल्या कोणासही ठाऊक आहे.

आतां दुसरी बाजू. चित्रकलेचा तास इतिहासावांचून एकटा सोडला तर त्याचें काय होतें तेंही आपण जाणतों. दोन डोंगर, मध्यें उगवता सूर्य, डोंगरांतून वाहत येणारी नदी, कांठीं झोंपडी, आणि आकाशांत पांचसहा पक्षी! हें चित्र आमचीं मुलें डोळे मिटून काढतात. असे दोन डोंगर व अशी नदी आपल्या वसईच्या सपाट किनाऱ्यावर त्यांनीं कधीं पाहिली? दारापुढचें बावखल, त्यावर वांकलेला माड, आजीचें तांबडें लुगडें, पडवींतलें बांक, हीं मात्र त्यांच्या कागदावर कधीं येत नाहींत. ज्या कलेस पाहण्याची गरज उरत नाहीं ती हाताची नुसती संवय होऊन बसते. म्हणून माझें मत असें कीं, चित्रकलेस पाहण्यासाठीं कांहीं खरी वस्तु द्यावी, आणि तशा वस्तूंचें सर्वांत मोठें भांडार इतिहासाजवळ आहे.

हा विचार कांहीं नवा नाहीं. सहाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेयचे बिशप सेरेनस यांनीं आपल्या देवळांतील चित्रें फोडून टाकलीं, तेव्हां पोप पहिले ग्रेगरी यांनीं त्यांस लिहिलें कीं, चित्रांची पूजा होऊं नये हें योग्य, परंतु तीं नष्ट करणें योग्य नव्हे. कारण ज्यांस अक्षरें येत नाहींत ते भिंतीवर पाहून घडलेल्या गोष्टी शिकतात. आज आमच्या मुलांस अक्षरें येतात हें खरें. तथापि अक्षरांवर भरंवसा ठेवून त्यांनीं पाहणें सोडावें असें मात्र त्यांतून निघत नाहीं.

श्रोतेहो, तेरा वर्षांच्या मुलाकडून काय होऊं शकतें याचें एक उदाहरण मी आपणांपुढें ठेवतों. इ. स. १५८० सालीं फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे सोबती गोव्याहून निघून अकबर बादशहाच्या फत्तेपूर शिक्री येथील दरबारीं पोहोंचले. त्यांनीं अँटवर्प येथें छापलेलें बहुभाषी बायबल बादशहास नजर केलें. त्यांतील कोरीव छापील चित्रें, आणि त्या काळांत युरोपांतून येणारे तशाच चित्रांचे सुटे कागद, दरबारच्या चितारीखान्यांत मोठ्या उत्सुकतेनें पाहिले गेले व त्यांवरून नकला होऊं लागल्या. तेथें रिझा नांवाचा चित्रकार होता; त्याचा मुलगा अबुल हसन. या मुलानें जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या १५११ सालच्या एका कोरीव चित्रावरून संत योहानाची आकृति रेखाटली. ती इ. स. १६०० च्या सुमाराची आहे. चित्रावरील लेखांत तें त्याच्या तेराव्या वर्षाचें काम असल्याचें नमूद आहे, आणि आज तें ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालयांत आहे. हाच मुलगा पुढें जहांगीर बादशहाकडून ‘नादिर-उझ-झमान’ ही पदवी पावला.

या तळहाताएवढ्या कागदावरून नववीच्या वर्गास काय शिकवितां येईल तें पाहा. ड्यूररच्या मूळ चित्रांत मध्यभागीं क्रूस असून संत योहान त्याच्यापाशीं शोकानें हात जुळवून उभा आहे. अबुल हसननें क्रूस गाळला आणि एकटा योहान घेतला. मुलांनीं दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून आपल्या हातानें उतरवावीं. वस्त्राची घडी उतरवितांना ती कोठें वळली आहे हें त्यांस पाहावेंच लागेल; जुळलेले हात काढतांना बोटें मोजावीं लागतील. आणि मग एखादें मूल आपण होऊन विचारील कीं, गुरुजी, हा मनुष्य कोणासाठीं रडतो आहे? या एका प्रश्नांत न्युरेंबर्गची छापकला, गोव्याहून उत्तरेस जाणारी वाट, अकबराची जिज्ञासा आणि शुभवर्तमानांतील गुडफ्रायडेची कथा, हीं सर्व येतात. चित्र न काढणाऱ्या मुलास हा प्रश्न सुचला नसता. इतिहास न शिकणाऱ्यास त्याचें उत्तर मिळालें नसतें.

दुसरें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांकडे १८१९ सालीं इंग्रज अंमलदारांचें लक्ष गेलें. पुढें १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनीं वर्षानुवर्षें तेथें राहून भिंतींवरील चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. तेव्हां मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांस अजिंठ्यास नेऊन तें काम पुन्हां केलें. त्या विद्यार्थ्यांत पुढें नांवाजलेले पेस्तनजी बोमनजी होते. दैवाचा खेळ असा कीं, १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत त्याही नकलांचा मोठा भाग नष्ट झाला. तरी ज्या उरल्या त्यांचा, आणि १८९६-९७ सालीं निघालेल्या ग्रिफिथ्स यांच्या दोन खंडांचा, आधार आज अभ्यासकांस घ्यावा लागतो; कारण त्यानंतर भिंतींवरचा कित्येक ठिकाणचा रंग गळून गेला आहे. विद्यार्थ्यांच्या हातांनीं केलेल्या कामानें जें राखलें तें काळानें भिंतीवर राखलें नाहीं.

आणि अजिंठा शिकवितांना नुसती नक्कलही पुरेशी नाहीं. रंग कसा झाला हें मुलांच्या हातांस कळलें पाहिजे. तेथील भिंतीस चिखलांत भाताचा तूस व झाडपाल्याचे तंतू मिसळून गिलावा केलेला आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. रंग म्हणाल तर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व चुना. हीं द्रव्यें मुलांनीं खलांत घोटून, डिंकाच्या पाण्यांत कालवून, एका विटेवर लावून पाहावीं. सर्व रंग सांपडतील, निळा मात्र सांपडणार नाहीं. तो निळा राजावर्त नामक दगडाचा, आणि त्या दगडाची प्राचीन खाण अफगाणिस्थानांतील बदक्षान येथें! व्यापारी मार्गांचा धडा किती वेळां वाचून दाखविला तरी मुलांस झोंप येते; पण निळ्या रंगाची वाटी रिकामी राहिली म्हणजे तोच धडा तीं स्वतः विचारून घेतात.

आतां मी ज्या गोष्टीकडे येतों ती थोडी नाजूक आहे. तथापि या व्यासपीठावरून ती बोलणें मला अवश्य वाटतें. आमच्या वर्गांत ख्रिस्ती व हिंदु मुलें एका बांकावर बसतात. १७३९ चा धडा आला म्हणजे एक म्हणतो, आमच्या देवळांच्या घंटा तुम्हीं नेल्या. दुसरा म्हणतो, आम्हीं त्या जिंकून आणल्या. आणि तिसरा म्हणतो कीं, त्यापूर्वीं पोर्तुगीज अमलांत आमचीं मंदिरें पाडलीं गेलीं त्याचें काय? या तिन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. एकही लपवावी असें मी म्हणत नाहीं. परंतु हीं मुलें जें बोलतात तें कोठून आलें? त्यांनीं घंटा पाहिली नाहीं, पडकें मंदिर पाहिलें नाहीं. घरीं, बाजारांत, आणि आतां मोबाईलच्या पडद्यावर जें कानीं पडलें तेंच तीं एकमेकांच्या अंगावर फेंकतात. ऐकीव इतिहासास धार फार लवकर चढते.

वाईजवळ मेणवली येथें नाना फडणविसांचा वाडा आहे, आणि त्याच्या मागें कृष्णेच्या घाटावर वसईच्या स्वारीनंतर तिकडे गेलेल्या घंटांपैकीं एक टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या पवित्र मरियेची मूर्ति असून १७०७ हा सन आहे. शाळेची सहल तिकडे गेली असतां विश्वस्तांची अनुज्ञा घेऊन मुलांस त्या घंटेसमोर अर्धा तास वही घेऊन बसवावें, ही माझी शिक्षकांस विनंति आहे. घंटेची वर्तुळें, मूर्तीची रेषा, आंकड्यांची ठेवण, सर्व उतरवूं द्या. उतरवितांना दोन्ही धर्मांच्या मुलांस दिसेल कीं, ती एका देवळांतून नेली गेली हें जसें खरें, तसेंच जेथें ती गेली तेथें तिच्यावरची माउलीची मूर्ति कोणी घासून टाकली नाहीं, हेंही खरें आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मनांत धरणें म्हणजे इतिहास शिकणें होय. शांतपणें अर्धा तास एका वस्तूकडे पाहिलेल्या मुलास तिच्याविषयीं भांडणें कठीण जातें, असा माझा अनुभव आहे.

मग हें शिकवावें कसें? त्यासाठीं फार द्रव्य लागत नाहीं. वर्षाच्या आरंभीं इतिहासाच्या व चित्रकलेच्या शिक्षकांनीं एकत्र बसून सहा वस्तु निवडाव्या, अधिक नकोत. प्रत्येक मुलाजवळ कोऱ्या पानांची एक वही असावी. डाव्या पानावर चित्र. उजव्या पानावर वस्तूचें नांव, ठिकाण, पाहिल्याची तारीख, लांबीरुंदी, आणि ज्या वडील माणसानें माहिती सांगितली त्याचें नांव. किल्ल्यांतील फ्रान्सिस्कन मठाच्या देवळांत जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर घराण्यांचीं चिन्हें व पोर्तुगीज लेख आहेत. पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाल्यास पातळ कागद अंथरून त्यावर हलकेंच कोळसा घासून ठसा घेतां येतो. झिजलेलें अक्षर डोळ्यांस दिसत नाहीं तें कधीं कधीं ठशांत उमटतें. परवानगी न मिळाल्यास नुसतें पाहून काढावें, पण दगडास ओरखडा येऊं देऊं नये.

आणि एक नियम मी सर्वांहून महत्त्वाचा मानतों. जें दिसतें तें अखंड रेषेनें काढावें. जें पडलें आहे पण पूर्वीं असावें असें वाटतें तें तुटक रेषेनें काढावें. आणि ज्याचा कांहींच माग नाहीं ती जागा कोरी सोडावी. सेंट जोसेफच्या देवळाचा मनोरा आज उभा आहे, तो अखंड रेषेनें. छप्पर गेलें आहे, पण भिंतींच्या माथ्यावरून त्याचा उतार ताडतां येतो, तें तुटक रेषेनें. आंतली वेदी कशी होती हें भिंतीवरून कळत नसेल तर तेथें कांहीं काढूं नये, मन कितीही धांवलें तरी. हा नियम हातांत मुरला म्हणजे तो जिभेंतही मुरतो. हें मीं पाहिलें, हें मी तर्कानें सांगतों, आणि हें मला माहीत नाहीं, असा भेद करून बोलणारा एक मनुष्य प्रत्येक घरांत निपजला तर गांवचीं निम्मीं भांडणें मिटतील.

गुण देतांना शिक्षकांनीं सुंदरतेपेक्षां खरेपणास अधिक गुण द्यावे. कमानीच्या दगडांची संख्या जुळते काय, खांब डावीकडे आहे तो उजवीकडे तर गेला नाहीं ना, तुटक रेषेच्या जागीं अखंड रेषा तर ओढली नाहीं ना, हें पाहावें. ‘आमच्या मुलाचा हात चांगला नाहीं’ असें म्हणणाऱ्या पालकांस माझें हेंच उत्तर आहे. प्रत्येक मूल चित्रकार होणार नाहीं, तसें प्रत्येक मूल निबंध लिहितें म्हणून साहित्यिकही होत नाहीं. आम्हांस त्याचा हात वांकडा असला तरी चालेल, त्याची नजर सरळ हवी.

कोणी म्हणेल, आतां सर्वांजवळ मोबाईल आहे. बोट दाबलें कीं छायाचित्र निघतें, मग तासभर कागद कशाला खरडावा? छायाचित्र अवश्य घ्यावें. वहीस तें पूरक होईल. परंतु छायाचित्र यंत्र घेतें, आणि घेणारा पुढें निघून जातो. दरवाजावर किती खिळे आहेत हें त्यास विचारा. त्यास पुन्हां पडद्याकडे पाहावें लागेल. ज्यानें तोच दरवाजा पेन्सिलीनें काढला तो पाठ फिरवूनही सांगेल.

राहिली परीक्षेची गोष्ट. गणिताचे तास कमी व्हावे असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. किल्ल्याचा आराखडा प्रमाणांत उतरविणें हें भूमितीच आहे; रंग घोटणें हें रसायन आहे; शिळेवरील अक्षरें लावणें हा भाषेचा अभ्यास आहे. या दोन तासांतून इतर विषय कांहीं घेऊनच जातील. पण समजा नाहीं घेतलें, तरी शाळेचें काम केवळ परीक्षेस पाठविणें एवढेंच आहे काय?

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें झालीं म्हणून आपण हा महोत्सव करीत आहों. या पन्नास वर्षांत काय काय गेलें त्याचा विचार करा. कौलारू घरें गेलीं, त्यांच्या जागीं इमारती आल्या. बावखलें बुजविलीं गेलीं. तांबडें लुगडें नेसणाऱ्या आज्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. कोणत्या विहिरीस कोणत्या कुटुंबानें रहाट बसविला हें सांगणारे वृद्ध एकामागून एक प्रभूच्या घरीं जात आहेत. या साऱ्यांस कोणी थांबवूं शकेल असें मला वाटत नाहीं. नव्या पिढीस नवीं घरें हवींतच. परंतु जातांना त्यांची नोंद करून ठेवणें आपल्या हातीं आहे, आणि तीं करणारे हात आठवी-नववीच्या वर्गांत आतां बसलेले आहेत. ज्यांनीं अजिंठ्याच्या भिंती उतरविल्या तेही विद्यार्थीच होते.

म्हणून माझी तीन मागणीं आहेत. शाळा समितीनें चित्रकलेचे दोन तास ठेवावे आणि त्यांतील एक इतिहासाशीं जोडावा. पालकांनीं रविवारीं मुलांस वही देऊन आजीआजोबांकडे पाठवावें, व आजीनें मूल लुगड्याची घडी काढीत असतां घटकाभर स्थिर बसावें. आणि महोत्सव समितीनें आपल्या शिल्लक निधींतून एक लांकडी कपाट करावें, ज्यांत दर वर्षाच्या वह्या क्रमानें लावून ठेवल्या जातील. स्मरणिका एकदां छापून होते. तें कपाट दर वर्षीं भरत जाईल, आणि शंभराव्या वर्षीं जो धर्मगुरु या जागीं उभा राहील त्यास आपण कसे राहत होतों हें विचारण्यास कोठें जावें लागणार नाहीं.

ज्या प्रभूनें आंधळ्यास डोळे दिले तो आमच्या मुलांच्या डोळ्यांस पाहण्याची व हातांस खरें तेंच रेखाटण्याची शक्ति देवो, हीच माझी प्रार्थना.